मैत्री चेंबर्सचा चौक

खिरीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून धम्मपाल मैत्री चेंबर्सचा जिना चढत होता आणि पहिला मजला येईपर्यंत त्याने तीनदा हाक मारली होती, "अरे, कोणीतरी ट्यूब लावा रे!" सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाहेर वैशाखाचं ऊन कल्याणचा रस्ता भाजून काढत होतं आणि इथे जिन्यात माणसाला स्वतःची चप्पल दिसत नव्हती.

बुद्धपौर्णिमेला गमऱ्यांचं कुटुंब जमतं ते घरी नाही, इथे. ही रीत धम्मपालच्या वडिलांनी, दगडू गमऱ्यांनी घालून दिलेली. सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावायच्या तात्पुरत्या टेकूंचा, हा ठेकेदार स्वतः जन्मभर आंबिवलीच्या चाळीत दोन खोल्यांत राहिला आणि कल्याणात ऑफिसांची इमारत बांधून बसला, तेव्हा नातेवाईक पोट धरून हसले होते. पण इमारत बघायला आलेले तेच लोक मान वर करून बघतच राहिले. तळमजला आणि वर दोन मजले, रस्त्याच्या बाजूला काँक्रीटच्या उंच उभ्या पट्ट्या, आणि मधोमध आभाळाला उघडा चौक. चौकाभोवती गॅलऱ्या, गॅलऱ्यांना लागून ऑफिसं. दिवसा बटण दाबायचं कामच नाही, असं दगडू सगळ्यांना अभिमानाने सांगत.

मग अठ्ठ्याऐंशी साली दगडूंनी स्वतःच्याच हाताने तो चौक बुजवला. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर जमीन घातली, वर पत्रे टाकले आणि तिथे त्यांच्या मुलीचा, शकूचा शिवणक्लास सुरू झाला. खालचे दोन मजले अंधारात गेले ते गेलेच. भाडेकरू एकेक करून उठले. आता पहिल्या मजल्यावर एक वकील उरला होता आणि तळमजल्यावर मितेश झेरॉक्सवाला.

धम्मपालला त्या अंधाराचं काही वाटत नसे. वीज खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. त्याच्या मते उजेड मीटरमधून येतो. आज तर तो खुशीतच होता. खांद्यावरच्या पिशवीत एका बिल्डरचं चकचकीत माहितीपत्रक होतं, त्यावर मैत्री चेंबर्सच्या जागी अठरा मजल्यांचा टॉवर उभा होता. त्याची मुलगी प्रीती, जी आर्किटेक्ट झाल्यापासून सरळ भिंतीतही काहीतरी खोट काढते, तिच्या डोक्यात वेगळंच होतं. तिला इमारत पाडायची नव्हती, चौक पुन्हा उघडायचा होता. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीला कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी इथे ऑफिस हवं होतं, पण अट एकच: दिवसाचा उजेड. उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं.

मुलीला तोंडावर नाही म्हणणं धम्मपालला कधी जमलं नाही. त्याने युक्ती काढली होती. इमारत बहीण-भावाच्या नावावर निम्मी निम्मी. "तुझ्या आत्याने सही केली ना," तो प्रीतीला म्हणाला होता, "की खाली माझी." चौक उघडायचा म्हणजे शकूताईचा क्लास उखडायचा. ताई सही करते थोडीच!

*

वंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या. पावसाळ्याआधी बदलायचे म्हणून क्लासवरचे चार पत्रे गेल्या आठवड्यात काढले होते आणि तिथे निळी ताडपत्री बांधली होती. त्यामुळे सगळे निळे दिसत होते, खीरसुद्धा. प्रीतीने बेतणीच्या लांब टेबलावर पुठ्ठ्याचं मॉडेल मांडलं. हातभर लांबीचं मैत्री चेंबर्स, मधला चौक उघडा.

शकूआत्या गळ्यातला टेप काढून थेट मापच घ्यायला लागली.

"चौक वीस फूट लिहिलायस."

"हो."

"साडेवीस आहे."

प्रीतीने कागद चाळले. कुठल्याही नकाशात साडेवीस नव्हतं. "तुला काय माहीत?"

"माझ्या खोलीचं माप मला नाही माहीत?" आत्याने टेप पुन्हा गळ्यात टाकला आणि मॉडेलमध्ये वाकून पाहिलं. तळमजल्याच्या एका कोपऱ्यात, चौकाला लागून, नखाएवढं पुठ्ठ्याचं शिवणयंत्र ठेवलेलं होतं. "हे काय?"

"तुझं मशीन. तुझ्यासाठी तिथे मोठी खोली काढलीय आत्या, दोन बाजूंनी खुली. तुला दोन जिने चढायला नकोत."

"चाक डाव्या हाताला काढलंयस. असल्या मशीनवर कोण शिवणार, आरशातली बाई?"

संदेश मोठ्याने हसला. प्रीतीचा हा मोठा भाऊ ठाण्याला घोडबंदर रोडवर नोकरीला होता आणि टॉवरच्या बाजूने होता. "आत्या, बरोब्बर! आणि हिला काय, हिला अंधार दिसतो फक्त. पार्किंगचा प्रॉब्लेम दिसत नाही. मी काल सातला निघालेलो, साडेनऊला घरी आलेलो. टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला तर गाडी तरी धड लागेल."

"गाडी लावायला अडीच तास प्रवास करतोस, त्यापेक्षा ऑफिस इथे आलं तर?" प्रीती म्हणाली.

"माझं ऑफिस नाही ना येत इथे."

प्रीतीने कागद पुढे केले आणि पेन उघडून आत्याच्या हातात दिलं. धम्मपालने खिरीत वाकून हसू लपवलं. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं.

"या उजेडात मला अक्षर लागत नाही गं," शकूआत्या म्हणाली. "नंतर बघू."

हे तिसऱ्यांदा होत होतं. पहिल्यांदा चष्मा घरी राहिला होता, दुसऱ्यांदा ट्यूब फडफडत होती. मशीनवर मात्र याच खोलीत बसून आत्या काळ्या कापडावर काळा दोरा घालायची, तो कधी चुकला नव्हता.

आता प्रीतीने आपल्या इंजिनिअरकडे पाहिलं. सुश्रुत तिचा कॉलेजपासूनचा मित्र. गेले तासभर प्रीतीची आई मधू त्याला तिसरी वाटी खायला लावून त्याच्या घरी कोण कोण असतं ते विचारत होती. सुटका झाल्यासारखा तो उठला, पण बातमी वाईटच होती.

"मी रिपोर्ट लिहिलाय. खालून पाहिलं तर ही जमीन म्हणजे स्लॅबच वाटते, गिलावा केलेला. स्लॅब असेल तर त्याचं लोखंड मूळच्या बीममध्ये गुंतवलेलं असणार. फोडायला गेलो तर बीमना दणका. मी त्याच्यावर सही नाही देऊ शकत. वरून एकदा उघडून बघू दिलं असतं तर..."

सगळ्यांनी खोलीच्या मधोमध ओळीने ठेवलेल्या तीन गोदरेज कपाटांकडे पाहिलं. कपाटं भिंतीला लावतात. ही मधोमध का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"मुलींच्या परीक्षा चालू आहेत," शकूआत्या म्हणाली.

"मागच्या महिन्यातही चालू होत्या," सुश्रुत चाचरत म्हणाला.

"माझ्या मुली हुशार आहेत. सारख्या परीक्षा देतात."

"झालं तर मग!" धम्मपालने वाटी खाली ठेवली आणि पिशवीतून माहितीपत्रक काढलं. "इंजिनिअर नाही म्हणतो, तर विषय संपला. ताई, हे बघ. तुला यात गाळा. एसी. पोडियम टूवर."

"म्हणजे कुठे?"

"म्हणजे... गाड्यांच्या वर."

"आणि खिडकी?"

"खिडकी कशाला, एसी आहे ना!"

*

शकू माहितीपत्रक हातात धरून बसली. त्यातला टॉवर तिला स्वच्छ दिसत होता, खालची बारीक अक्षरंही. डोळ्यांना तिच्या काही झालेलं नव्हतं.

सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. इंजिनिअर घाबरलेला, भाऊ खूश. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात ती सदतीस वर्षं पटाईत होती. पुढे टॉवरच्या कागदांनाही ती अक्षर लागत नाही म्हणणार होती, म्हणजे आहे ते तसंच राहिलं असतं. ही खोली, ही बेतणीची टेबलं.

ती खडवलीच्या सासरहून एक ट्रंक घेऊन परत आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. नवऱ्याने काय केलं ते तिने वडिलांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दगडूंनी फक्त इमारतीत एक फेरी मारली. सगळ्या खोल्या भाड्याने गेलेल्या. मग ते चौकात येऊन उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, शके, उद्यापासून चार दिवस माझ्या हाताखाली ये. तिने दोरीचं एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. साडेवीस फूट. त्या चार दिवसांत तिने जे पाहिलं ते तिच्याखेरीज जिवंत असलेल्या कुठल्या माणसाला माहीत नव्हतं. तिला मनातून वाटत आलं होतं की आपण ते माहीत नसल्यासारखं वागलो तर ते खरंच नाहीसं होईल.

या खोलीतून अकराशेच्या वर मुली शिकून गेल्या. कोणाची आता अंबरनाथला दुकानं आहेत. लोक तिला कोणाची तरी टाकलेली बायको म्हणत नाहीत, शकूबाई क्लासवाल्या म्हणतात. ती खोली सोडायची? आणि कशाला, तर खालच्या मजल्यावर कोणा अनोळखी पोराच्या कॉम्प्युटरवर ऊन पडावं म्हणून?

"तसंच ठेवलं तर?" तिने एकदम विचारलं. "काही पाडायचं नाही, काही उघडायचं नाही. तर?"

सुश्रुतने प्रीतीकडे पाहिलं. "खरं सांगू आत्या? खालचे दोन मजले ओल धरतायत. हवा नाही, ऊन नाही. पाच-सात वर्षांत धोकादायक इमारतीची नोटीस लागेल. मग पाडायला सही कोणाचीच लागत नाही."

धम्मपालला आता जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण बापाच्या इमारतीला धोकादायक म्हटलेलं त्यालाही ऐकवेना.

प्रीती मॉडेल उचलायला लागली. तिने चौक हाताने झाकला आणि मान खाली घालूनच बोलली, "जाऊ दे आत्या. तुझी खोली राहू दे. कंपनीला मी उद्या नाही कळवते. आपण खालची ओल काढू, पंखे लावू, जेवढं होईल तेवढं करू. तुला उठवून मला चौक नकोय."

"अगं, सहा महिने मेहनत केलीस!" मधू म्हणाली.

"केली ना. दुसरं काम मिळेल. पण आत्याने मला इथेच बसवून पहिली सरळ रेघ मारायला शिकवलीय, खडूने. तिला मी कोपऱ्यात नाही ढकलणार."

शकूने माहितीपत्रक टेबलावर उपडं ठेवलं. तिला एकाच वेळी पोरीचा अभिमान वाटला आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. चार वर्षांच्या या मुलीच्या हातात तिनेच खडू दिला होता. आज ती मुलगी हातचं काम सोडत होती, आणि सोडायची काही गरजच नव्हती.

"संदेश," ती उठत म्हणाली, "खाली जा. चौकात कोणाला उभं राहू देऊ नकोस. मितेशला म्हणावं शटर ओढ. धम्मा, मधलं कपाट सरकव."

"आता? ताई, खीर खाऊन..."

"सरकव रे!"

*

कपाट सरकलं तेव्हा त्याच्यामागे टेकवलेली लोखंडी पहार निघाली. दगडूंची. मुठीला त्यांनी गुंडाळलेलं सायकलच्या ट्यूबचं रबर अजून तसंच होतं. धम्मपालने ती ओळखली आणि त्याचा चेहराच बदलला. "ही इथेय? मी आंबिवलीला माळाभर शोधलेली."

शकूने जमिनीवरची चटई गुंडाळली. खाली काळसर शहाबादी लाद्या होत्या. तिने पहारीच्या टोकाने दोन लाद्यांमधला सांधा खरवडला. भुसभुशीत चुना निघाला.

"इंजिनिअरसाहेब, हा स्लॅब नाही," ती म्हणाली. "इथून तिथपर्यंत गर्डर टाकलेत. त्यावर नुसत्या लाद्या ठेवल्यात. खालच्या भाडेकरूंनी वर पाहिलं तर त्यांचा जीव खाली-वर होईल म्हणून बाबांनी जाळी मारून गिलावा केला, बाकी काही नाही. गर्डरपण नुसते टेकवलेत. टोकाखाली ट्रकच्या टायरच्या पट्ट्या आहेत, बीमला ओरखडा नको म्हणून. एक खिळा ठोकलेला नाही."

सुश्रुत केव्हाच पोटावर आडवा पडून मोबाइलच्या उजेडात सांध्यात बघत होता. "गर्डर दिसतोय," तो जमिनीशी बोलल्यासारखा म्हणाला. "बाप रे, हे सगळं उचलून काढता येईल!"

"पण असं का केलं त्यांनी?" प्रीतीने विचारलं.

"मीपण विचारलेलं. म्हटलं बाबा, पक्कं का नाही करत? तर म्हणाले, आपण सेंटरिंगवाले. बांधायच्या आधी उतरवायचं कसं ते बघतो. म्हणाले, शके, हे इमारतीसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तुझा पाय टेकला की काढून टाक." शकूने पहार लादीवर टेकवली. "स्लॅबचं सेंटरिंग एकवीस दिवसांत काढतात. मी सदतीस वर्षं ठेवलं. पाय कधीच टेकला होता माझा. भीती वाटली, म्हणून सांगितलं नाही."

प्रीतीने तिला मिठी मारली. धम्मपाल बाजूला वळून चष्मा पुसत राहिला. मग त्याने पँट वर खोचली आणि पहार हातात घेतली. "कुठे घालायची?"

"आधी ती ताडपत्री ओढा," प्रीती म्हणाली.

ताडपत्री निघाली तशी सगळी माणसं निळ्याची पुन्हा माणसांच्या रंगाची झाली. शकू आणि मधू कडेला सरकल्या. धम्मपालने लादीच्या कडेखाली पहार घातली, सुश्रुतने आणि प्रीतीने हात लावला आणि पाटाएवढी लादी कुरकुरत वर आली. त्यांनी ती बाजूला ठेवली. खाली जाळीतला गिलावा होता. धम्मपालने खालच्या दिशेने आरोळी ठोकली, "संदेश, सगळे बाजूला आहेत?"

"आहेत! काय चाललंय काय?"

पहारीचे चार ठोसे बसले आणि गिलाव्याचे ढपले दोन मजले खाली जाऊन आपटले. धूळ उडाली. मग त्या धुळीतून वैशाखातलं साडेबाराचं ऊन सरळ खाली गेलं, पहिल्या मजल्याच्या गॅलरीवरून, वकिलाच्या पाटीवरून, थेट तळमजल्याच्या फरशीपर्यंत.

खालून संदेश ओरडला, "पप्पा! इथे खाली फरशी हिरवी आहे! आपल्याला वाटायचं काळी आहे!"

*

सगळे दणदणत जिना उतरले. धम्मपालने या वेळी ट्यूब लावायला सांगितलं नाही. तळमजल्यावर मितेशने शटरखालून डोकं बाहेर काढलं होतं आणि वकीलसाहेब अर्धवट खाल्लेला डबा हातात धरून पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून बघत होते. अंधाऱ्या चौकाच्या मधोमध पाटाएवढा उन्हाचा चौकोन पडला होता.

धम्मपाल त्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने पायाकडे पाहिलं. सावली जवळजवळ नव्हतीच, चपलांखाली गोळा झाली होती. लहानपणी याच दिवसांत, भर बारा-साडेबाराला, बाबा सगळ्यांना इथे उभं करत आणि आपापली सावली शोधायला लावत. ज्याची सापडणार नाही त्याला खाऊची गोळी. त्याला आठवलं की ताईला नेहमी दोन गोळ्या मिळायच्या आणि ती एक त्याला द्यायची. ही गोष्ट तो इतकी वर्षं कसा विसरला होता ते त्याला कळेना.

"ए प्रीती," संदेश बहिणीच्या कानाशी लागला, "त्या कंपनीत जागा निघतात का गं? सहज विचारतोय."

"पार्किंग नाहीये इथे," प्रीती म्हणाली.

"चालत येईन की!"

शकूआत्या सगळ्यात शेवटी, कठड्याला धरून, सावकाश उतरली. तिची मूठ मिटलेली होती. ती उन्हाच्या चौकोनापाशी आली, भावाला कोपराने बाजूला सारलं आणि मूठ उघडली. मॉडेलमधलं नखाएवढं पुठ्ठ्याचं मशीन. वाकून तिने ते उन्हाच्या कडेला फरशीवर ठेवलं, थोडं मागे होऊन पाहिलं, मग टेपाने मोजल्यासारखं बोटभर आत सरकवलं.

"कोपऱ्यात नाही. इथे," ती म्हणाली. "आणि चाक उजव्या हाताला."

"उजव्या हाताला," प्रीती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"मशीनच्या तेलाचा वास तुमच्या कंपनीवाल्यांच्या नाकाला लागला तर तक्रार चालणार नाही. माझ्या मुली बोलतातही फार."

"लिहून घेते."

"मग आण कागद."

प्रीतीने कागद पुढे केले. आत्याने ते उन्हात धरले. चष्मा तिच्या डोक्यावरच होता, तो तिने खाली ओढला नाही. दुसरं पान उलटून तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे पण वीस लिहिलंयस. साडेवीस कर."

"ताई, म्हणजे तू सगळं वाचलंयस?" धम्मपाल म्हणाला.

"तीन वेळा."

सुश्रुतने पाठ वाकवली आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून शकू दगडू गमरे हिने ठसठशीत अक्षरात सही केली. पेनाचं टोपण लावायला गेली आणि थांबली. तिने भावाकडे पाहिलं. धम्मपाल खिसे चाचपत होता.

"ताई, माझा चष्मा बहुतेक वर..."

"धम्मा, चष्मा नाकावर आहे," ती म्हणाली आणि पेन त्याच्या हातात दिलं. "माझी झाली. आता खाली तुझी."